सासूबाईंची बोलणी आणि माझे उखाणे

आमच्या घराण्यात बारसं असो, डोहाळजेवण असो, चार बायका जमल्या की कुणीतरी मला पुढे ढकलतंच. मी दोन ओळी म्हणते, बायका पदर तोंडाला लावून हसतात, आणि मग एखादी नवी सून हळूच विचारते, "काकी, तुम्हाला हे सुचतं कुठून हो?" अशा वेळी मी डोळे अर्धे मिटून "येतं बाई आपसूक" म्हणते. तेवढं म्हटलं की माणूस मोठं दिसतं. खरं सांगायचं तर मला आपसूक काही येत नाही. झोप सोडून.

माझं सगळं यायचं सासूबाईंच्या तोंडून. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. भोरात वाढलेली, चार यत्ता शिकलेली मी लग्न होऊन आंबवड्याला आले, ती पहिल्याच आठवड्यात त्यांच्या तोंडी लागले. म्हणजे मी गप्पच होते. तोंड एकट्या त्यांचं चालू होतं. पण काय चालायचं! वेणी घालताना मला जरा उशीर झाला, तर ओसरीवरून आवाज आला, "चूल गारठली, गाय हंबरली, सूनबाई आरशात गुतली!"

रडायला हवं होतं. मी मात्र तिथेच बोटांवर ताल मोजत बसले. महिन्याभरात हळदीकुंकवाला नाव घ्यायची वेळ आली, तेव्हा मी धीटपणे म्हटलं, "चूल पेटली, गाय पान्हावली, अमुकरावांच्या नावाने सकाळ उजाडली." बायका थक्क. आत्याबाईंनी माझ्याकडे नुसतं तिरपं पाहिलं. त्या दिवसापासून माझा धंदा सुरू झाला. त्या सकाळी ओरडायच्या, मी दुपारी त्यातली शिवी काढून गोडवा घालायची, आणि गावात नाव माझं व्हायचं.

असं बरं चाललं होतं, तोच धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं. मुलगा विंझरचा. मुलाची आई, म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाई, रुखवतात कुणाला हार जात नाहीत अशी त्यांची ख्याती नसरापूरच्या बाजारापर्यंत पोचलेली. रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी फराळाच्या पाट्या मांडायच्या, आणि वरचं फडकं काढताना दोन्हीकडच्या बायकांनी यमकात एकमेकींची उणीदुणी काढायची. आमच्या बाजूने उभं राहायचं कुणी? सगळ्यांची बोटं माझ्याकडे.

नणंद मला गोठ्यात गाठून म्हणाली, "वैनी, मला त्या गावात जलम काढायचाय. पयल्या दिवशी आपल्या तोंडाला कुलूप लागलं, तर ती बया मला मरस्तोवर ऐकवंल. काय बी कर, पर तिला निरुत्तर कर."

"तू काळजीच करू नकोस," मी म्हटलं. मनात म्हटलं, आठवडाभराची बोलणी साठवली की झालं काम.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात आत्याबाईंनी ओरडणं बंद केलं.

सूर्य उगवायचा राहावा तसं ते वाटलं. सकाळ झाली, उजेड पडला, पण घरात आवाज नाही. आमचे 'हे' मला म्हणाले, "अगं, सुचत नसंल तर नदीवर जाऊन बस. भोरातलं मास्तर सांगत हुतं, कवी लोक एकांतात बसत्यात." मी नदीकाठच्या आंब्याखाली जाऊन बसले. पाणी बघितलं, डोंगर बघितला. तेवढ्यात तांबड्या मुंग्यांनी मला बघितलं. निसर्गाने मला एवढंच सुचवलं की ऊठ.

मग मी ठरवलं, आत्याबाईंना राग आणायचाच. चुलीवरचं दूध उतू घालवलं आणि वाट बघत उभी राहिले. त्या आल्या, चुलीकडे बघितलं, म्हणाल्या, "असू दे. चुलीला बी तहान लागती." वाक्य वाईट नव्हतं. पण त्यात यमक नव्हतं. दुसऱ्या दिवशी आमटीत दोनदा मीठ घातलं. मामंजी तांब्यावर तांब्या पाणी प्यायले आणि मुकाट उठले. आत्याबाई म्हणाल्या, "लगीनघर हाय, हुतंय."

शेवटचा उपाय म्हणून धारेच्या वेळी वासरू सोडून दिलं. त्याने गाय कोरडी केली. आता तरी भडका उडेल म्हणून मी कान टवकारले. आत्याबाई वासराकडे बघत राहिल्या. "पिऊ दे," म्हणाल्या, "त्याची आई हाय ती. किती दिस पिणार?" आणि पदराने डोळे पुसून आत गेल्या. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. शेंडेफळ चाललं होतं त्यांचं. मी गपचूप वासरू बांधलं, आणि चार मिळमिळीत ओळी स्वतःच जुळवल्या.

लग्न मुलाच्या दारी होतं. बैलगाड्या भोरावरून, नसरापूरवरून विंझरला पोचल्या. पाट्या मांडल्या गेल्या. समोर विहीणबाई, चांगल्या ऐसपैस, मांडी ठोकून बसलेल्या. पलीकडे हळद लागलेली नणंद माझ्याकडे टक लावून बघत होती. मी शेवयांवरचं फडकं काढलं आणि घसा खाकरला.

"रुखवतात शेवया केसाहून बारीक, विहीणबाईंची करावी किती तारीफ!"

आमच्याच बायका हसल्या नाहीत. विहीणबाईंनी श्वासही न घेता उत्तर फेकलं.

"शेवया बारीक, पोर त्यांच्याहून बारीक, जेवाय देत हुता का निस्ती तारीख?"

मांडव गडगडला. विंझरच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. नणंदेची मान खाली गेली. मी तोंड उघडलं, पण आत काहीच नव्हतं; कुलूप लागलं म्हणतात ते हेच. सगळं संपलं असं वाटलं, आणि तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"बारीक म्हनं बारीक!"

कोपऱ्यात डोळे टिपत बसलेल्या आत्याबाई उठल्या होत्या. पदर कमरेला खोचला होता.

"सुई असती बारीक, ती सांधती घरदार! मुसळ असतं जाडजूड, त्याचा कोपऱ्याला भार!"

ऐसपैस विहीणबाईंकडे सगळा मांडव एकदम वळून बघू लागला. आत्याबाई थांबल्याच नाहीत. "मांडव आखूड, च्या कोमट, आन् विहीणबाईचं त्वांड तेवढं तिखट!" चहा तेव्हा नवलाईचा होता, त्यामुळे तो घाव फार वर्मी बसला. मग बैलांचा कडबा झाला, ताशेवाला झाला, न्हाणीघराची वाट झाली. आठवड्याभराचं तुंबलेलं सगळं वाहून आलं, आणि प्रत्येक ओळीला यमक!

विहीणबाई आधी आ वासून बघत होत्या. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग बांगड्या, मग सगळ्याच. डोळ्यांतलं पाणी पुसत त्या म्हणाल्या, "बया बया! पोर बारीक का ऱ्हायली, ते आत्ता कळलं. घरातलं समदं तिखट हिनंच खाल्लं!" आणि उठून त्यांनी आत्याबाईंना मिठीच मारली. मग नणंदेची हनुवटी धरून विचारलं, "काय गं, आईचं थोडं तरी आणलंयस का संगं?"

नणंद मान वर न करता म्हणाली, "आणलंय की. पर आज न्हाई, उद्या."

यावर हशा झाला तो वेल्ह्यापर्यंत गेला असेल.

परतीच्या वाटेवर गाडीत आत्याबाई सारख्या मागे वळून विंझरकडे बघत होत्या. शेजारची जागा रिकामी होती ना. मी त्यांना जरा बोलतं करावं म्हणून विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला हे सगळं सुचतं तरी कुठून?"

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुला बघितलं की सुचतं."

"मला?"

"मग? तू येण्याआदी म्या साधीच बोलत हुते. इचार यांना." मामंजी पुढे बसले होते, त्यांनी बैलाला उगाच हाकारलं. "आन् दूध मुद्दाम घालवलंस, ते मला कळलं न्हाई व्हय? वरडावंसंच वाटंना, म्हून सोडलं. आज मांडवात तू मेल्या कोंबडीवानी त्वांड करून हुबी ऱ्हायलीस, तवा पुन्यांदा सुचाय लागलं."

एवढी वर्षं मी त्यांच्यावर जगत होते, आणि त्या माझ्यावर! हे ऐकून मला इतका आनंद झाला की मांडीवरच्या पाटीवरचा हात सुटला. पाटी धाडकन रस्त्यात, तिच्यातली चाळण घरंगळत ओढ्याकडे.

"पाटी पडली, चाळण पडली, हिच्या पायी माझी बोलतीच अडली!"

बोलती काही अडलेली नव्हती. भोर येईपर्यंत ती चालू होती. मी मान खाली घालून, बोटांवर ताल धरून ऐकत होते. पुढच्या महिन्यात चुलत दिराचं लग्न होतं.