हिऱ्याच्या पोटातला तामडा

परमेश्वराने सृष्टी निर्मिली ती केवळ भिंगाखाली धरण्यासाठी, अशी माझ्या धाकट्या मेहुण्याची प्रामाणिक समजूत होती. सांगलीच्या सराफांकडे तो हिरे पारखून देई. पण निर्दोष हिरा दाखविला की जांभई देई, आणि आत काजळीचा कण किंवा चीर आढळली की मांडी ठोकून बसे. माझ्या घरच्या पूजेला आलेल्या एका बाईंची चमकी न्याहाळण्यासाठी त्याने भिंग थेट त्यांच्या नाकाशी नेले. तेव्हा प्रसादाआधी त्याला जे मिळाले, ते लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही.

महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. आमच्या शेजारच्या बागायतदारांच्या मुलीचे लग्न कराडकडच्या एका फौजी जवानाशी ठरले होते आणि त्याची रजा चार दिवसांत संपत होती. साखरपुड्यात मुलाच्या आईने हिऱ्यांच्या कुड्या पुढे ठेवल्या. एका हिऱ्यात तांबडा ठिपका दिसला. मुलीच्या वडिलांनी गावचा शास्त्री म्हणून मला विचारले, आणि रत्नशास्त्रातला बिंदुदोष स्मरून मी गंभीरपणे उत्तरलो, “रक्तबिंदू आहे. जवानाच्या पत्नीने हा धारण करू नये.”

विहीणबाई ताडकन उठल्या. “आवं, माझ्या सासूच्या कुड्या हायत ह्या! घालायच्या न्हाईत, तर पोरगी ठिवा तुमच्याच घरी!” आत मुलीचा हुंदका फुटला.

माझ्याबरोबर आलेल्या मेहुण्याने कुडी उचलून उजेडात धरली आणि भर बैठकीत ओरडला, “भाऊजी, हा तामडा आहे, तांबडं रत्न! तुमच्या ऋषींपाशी भिंग असतं, तर त्यांनी असलं काही लिहिलंच नसतं!” मी कानांवर हात ठेवले. त्याने भिंग माझ्या डोळ्याला लावले. त्या निर्मळ तेजात, कुणी पैलू पाडले असावेत असा, लालबुंद इवला खडा बसलेला होता. “हिरा घडताना हा आत अडकला. काचेत बुडबुडे असतात. असा पाहुणा अस्सल हिऱ्याच्याच पोटी.”

भिंग विहीणबाईंकडे गेले. “अगं बया! डाळिंबाचा दाणाच जनू!” त्या खाली बसल्या. “आता शास्त्रीबुवांनी बोलावं.”

आयुष्यात प्रथमच मी माझा निर्णय चारचौघांत मागे घेतला. तिसऱ्या दिवशी लग्न लागले. जवान पुढे लढाईवरून सुखरूप परतला. कोणाच्या पुण्याईने, ते देव जाणे. मेहुणा मात्र पंगतीत पानापानाशी थांबून माझी फजिती सांगत होता, म्हणून मी महिनाभर त्याच्याशी अबोला धरला.

आज तो नाही. लोक अजून मुहूर्त, दोष, विधी विचारायला येतात. मी सांगेन ते मान डोलावून ऐकतात, पाया पडतात आणि निघून जातात. कुणीच उलटून बोलत नाही. आणि त्यांची पाठ वळली की मला भीती वाटते.