उरलेलं अंग

"थांब. हे काय गं कडक?"

गेटवरच्या सखूबाईंचा हात माझ्या छातीवर थांबला होता. मागं वीसेक बायकांची रांग. चिंचवडची आमची कंपनी लहान. रेडिओत बसणारी तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी आम्ही बायका गुंडाळायचो. तार चोरीला जाते म्हणून सुटताना प्रत्येकीची झडती; त्या आठवड्यापासून छातीही चाचपायला लागल्या होत्या. साहेब लोकांची होत नसे. ते बाजूच्या दारानं जात.

"माझंच अंग आहे," मी म्हणाले.

"अंग आसलं आसतंय व्हय? काढ भायेर."

मागून कुणीतरी हसलं.

मला ऑफिसात नेलं. साहेब खुर्चीतून उठले नाहीत. "तुमच्या वस्तीतल्या बायकांकडं याआधीही तार सापडलीय," एवढं बोलून त्यांनी आम्हा दोघींना लाकडी पार्टिशनच्या मागं पाठवलं. मी हुक काढले. सखूबाईंनी आडवा व्रण पाहिला. त्यांचा हात खाली गेला.

"तार न्हाई, साहेब. बाईचं आप्रेशन झालंय."

चार वर्षांपूर्वी मला गाठ निघाली होती. मुंबईच्या इस्पितळात डावा स्तन काढला. पुढं तिथल्याच डॉक्टरांनी त्या जागी परदेशातून आलेली सिलिकॉनची पिशवी बसवली. वर्षभर ती मऊ होती. मग आतून तिच्याभोवती कवच धरलं आणि ती घट्ट झाली.

हेही मला पार्टिशनच्या अलीकडून, ब्लाउज सावरत, साहेबांना सांगावं लागलं.

"मग बदलून घ्या ना," पलीकडून आवाज आला. "मऊ मिळत असेल. गेटवर रोजचा तमाशा नको. तोवर कामावर येऊ नका."

मी माफी मागितली. हे लिहिताना हात थांबतो. पण मागितली.

पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "पिशवी काढताना कवचाला चिकटलेलं तुमचं मांसही जाईल. वरची कातडी पातळ झालीय. नवी बसेलच असं नाही. खड्डा राहू शकतो."

माझी लेक दहा महिन्यांची असतानाच वारली. गाठ निघण्याच्या आधीच. पिताना ती एक तळहात वर, गळ्याच्या हाडाखाली टेकवून ठेवायची. तिचा फोटो नाही. काढू काढू म्हणत राहून गेला. तिला निदान माती दिली. स्तन कापला तो कुठं टाकला, मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिचा हात असायचा तेवढा पट्टा मात्र राहिला होता. मी त्यावर बोट ठेवलं.

"हे जाईल?"

"थोडं जाईल." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "दुखतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग बदलायची कशासाठी?"

"गेटवर हाताला लागतं."

बोलले आणि माझं उत्तर मलाच ऐकू आलं. लेकीची तेवढी जागा मी कंपनीच्या गेटसाठी कापून द्यायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज दिला. पिशवी बदलणार नाही. झडती घ्यायची तर साहेबांपासून सगळ्यांची घ्या. मला कामावर घ्या.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "कुणाकडून लिहून आणलंस?"

"मी मॅट्रिक आहे. मीच लिहिलाय."

"मग घरी बसून लिहीत बस. इथं काम नाही."

"तसं या अर्जावर लिहून द्या. खाली सही करा."

त्यांनी पेनला हात न लावता अर्ज माझ्याकडं परत सरकवला.

आज नववा दिवस. शिफ्टच्या वेळेला मी अर्ज घेऊन गेटबाहेर उभी असते. सखूबाई मान वळवतात. बायका खाली बघत आत जातात. काल एक जण घाईघाईत म्हणाली, "अगं, बदलून टाक की. कशाला हट्ट?"

हट्टच आहे. एकदा माझं कापलेलं अंग मला न विचारता नेलं, मी गप्प बसले. आता कुणाच्या सोयीसाठी नखाएवढंही देणार नाही. उद्या दहावा दिवस. काम मी याच अंगानं मागणार.