आप्पांना ऐकू येणारे रातकिडे

आधीच सांगते — भूत, करणी, चकवा यातलं काहीही मी मानत नाही. ऑफिसात आवक-जावक सांभाळते. आलेल्या कागदावर नंबर पडला नाही तर मला जेवण जात नाही. घरातही तेच, फ्रिजवर आठवड्याची यादी आणि दारामागे महिन्याची. इथले अनुभव मी वाचते ते करमणूक म्हणून. पण हा आमच्याच स्वयंपाकघरात घडलाय, आणि तो कुठल्या फायलीला लावायचा ते मला अजून कळलेलं नाही...

आम्ही जव्हारला राहतो. स्लॅबचं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी आणि थोडी मोकळी जागा. घरात मी, माझे मिस्टर आणि गेल्या दिवाळीपासून माझे सासरे, आप्पा. आप्पा खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर एकटेच राहायचे. भाताची झोडणी संपता संपता खळ्यावर घसरून पडले, तेव्हा मिस्टरांनी त्यांना जवळजवळ उचलूनच इकडे आणलं. आप्पांनी दारातच अट घातली, "होळीपातूर ऱ्हातो. मंग माझा मी ठरवीन."

आम्हाला धास्ती होती ती याचीच. दिवाळी झाली की अर्धा पाडा कामाला भिवंडी-ठाण्याकडे जातो. आप्पा परत गेले आणि पुन्हा पडले, तर उचलायला शेजारी कोणी नाही.

त्यात आप्पा ठार बहिरे. कुकरची शिट्टी नाही, दारावरची थाप नाही. नाशिकच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की बारीक, तीक्ष्ण आवाज तर सर्वांत आधी गेलेत. कानाचं मशीन घेतलं. ते आप्पांनी एकदाच लावलं, "नुसता घुरघुरतो" म्हणाले आणि डबीत ठेवून दिलं. आम्ही खुणांनी बोलतो, नाहीतर डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडतो.

येताना आप्पांनी नागलीचं बियाणं बरोबर आणलं होतं, टोपलीत, पेंढ्यात गुंडाळून. मी टोपली ओट्याखाली ठेवली, आणि त्याच आठवड्यात रातकिडे सुरू झाले. दिवे लागले की ओट्याखालून किर्रर्र... थांबायचं नावच नाही.

मी कामाला लागले. ओट्याखालचं सगळं बाहेर काढलं, टोपली उन्हात ठेवली, पेंढा बदलला. फरशीच्या भेगा पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या, मोरीला जाळी बसवली, मागची लाकडं भिंतीपासून लांब रचली. कोपऱ्यात पसरट भांड्यात गुळाचं पाणी ठेवलं. रातकिडे त्यात उतरतात आणि बाहेर येत नाहीत.

मिस्टर म्हणाले, "रातकिडामुक्त घर योजना! उद्घाटनाला साहेबांना बोलवू का?"

"तुम्ही आधी ती जाळी घट्ट करा," मी म्हटलं.

आणि एका संध्याकाळी घर शांत झालं. मी खुशीत यादीवर टिक मारली. आप्पा जेवायला बसले, भाकरीचा तुकडा मोडला आणि तसेच थांबले.

"गेलं का रं सगळं?"

"काय गेलं?" मिस्टरांनी हातानेच विचारलं.

"रातकिडं. घर बहिरा झाला."

ताट तसंच सरकवलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर आप्पा घोंगडी आणि कोयता एकत्र बांधत होते. मी कानाशी जाऊन ओरडले, "आप्पा, होळी लांब आहे अजून!"

"आसल्या घरात नीज नाय लागं, बाय," ते म्हणाले. रागाने नव्हे. ठरलेलं सांगावं तसं.

गुळाच्या पाण्यात पडलेले किडे त्यांनी पाहिले असतील, असं मला वाटलं. म्हणून मी परीक्षा घ्यायची ठरवली. आप्पा सुंभ वळत बसले होते. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून मोबाइलवर रातकिड्यांचा आवाज लावला, फुल व्हॉल्यूमवर. आप्पा ढिम्म! पुढच्या खोलीतून मिस्टर ओरडले, "अगं, बंद कर ते! संपवलेत ना तू सगळे?"

म्हणजे आवाज ऐकू येत नाही. मग मागच्या लाकडांतून मी एक रातकिडा बरणीत पकडला आणि बरणी पिठाच्या डब्यामागे लपवली. भर दुपार, किडा गप्प. आप्पा अंगणातून आले आणि उंबऱ्यावरच थबकले.

"एक हाय," ते म्हणाले. "पन आपला नाय तो."

माझ्या अंगावर काटा आला — हे लिहितानाही येतोय. गंमत बघायला आत आलेल्या मिस्टरांचं हसणं बंद झालं.

"आपले म्हणजे कुठले, आप्पा?" मी ओरडून विचारलं.

"चुलीतलं. आमच्यात नवा घर बांधला का जुन्या चुलीतला इस्तव नेतात. इस्तवामागं रातकिडं येतात. मंग घर राखलेला ऱ्हातो." मग मुलाकडे बघून म्हणाले, "तू मना उचलून आनलास. इस्तव तथंच सोडलास. पेंढ्यातून आलं तवढं मागं आलं. तं या बायनं गुळात बुडवलं!"

रविवारी आम्ही दोघं जीपने खोडाळ्याला आणि तिथून चालत पाड्यावर गेलो. आप्पांना आमच्याकडे ठेवायचं आहे ना, मग जे लागेल ते आणू. विश्वास हा विषय मी यादीत घेतलाच नाही. घर बंद, चूल गार. मिस्टरांनी चूल पेटवली, निखारे झाले तसे राखेत पुरून एका पत्र्याच्या डब्यात घेतले. ऊब लागली आणि चुलीमागच्या भेगेतून रातकिडे खरोखरच बाहेर आले. मिस्टर मागचं दार लावायला गेले होते. मी एकटीने किडे स्टीलच्या डब्यात घेतले. झाकण लावताना एकाने उडी मारली आणि त्याचा मागचा पाय झाकणात सापडून तुटला. मला वाईट वाटलं, पण किड्याच्या पायाबद्दल कोणाला काय सांगायचं? मी बोलले नाही.

परत येताना ड्रायव्हर म्हणाला, "काय मॅडम, जीपमध्ये शेगडी?"

"थंडी आहे," मिस्टर म्हणाले. दुपारचं ऊन मी म्हणत होतं.

घरी पोहोचलो तेव्हा आप्पा बाहेरच्या खोलीत खाटेवर तोंडावर घोंगडी घेऊन पडले होते. मी ओट्याखालच्या एका भेगेतलं सिमेंट पकडीच्या टोकाने खरवडून काढलं आणि किडे तिथे सोडले. एकही आवाज करत नव्हता. मिस्टरांनी शेगडीत निखारे फुंकले. इतक्यात आप्पा उठून दारात आले. आधी शेगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एक लंगडा झाला, बाय. झाकण दमानं लावायचा."

माझ्या हातातली पक्कड खाली पडली.

त्या संध्याकाळी आप्पा दोन भाकऱ्या जेवले. होळी आली, गेली. बांधलेलं गाठोडं त्यांनी आपणहून सोडलं, आणि यंदा नागलीची रोपं आमच्या मागच्या मोकळ्या जागेत तरारली आहेत. खरं सांगायचं तर घर इतकं भरलेलं कधी वाटलं नव्हतं. किरकिरीची सवय झाली. एखादे दिवशी उशिरा सुरू झाली तर मीच ओट्याखाली वाकून बघते.

ऑफिसातली मैत्रीण म्हणते, बहिऱ्या माणसांना फरशीतून कंप जाणवतो. जाणवत असेल. पण गप्प बसलेल्या किड्याचा कंप कसला? आणि तुटलेला पाय? तो तर फक्त मी पाहिला होता. कोणाला खरंच माहीत असेल तर कळवा. मी 'कारण' या रकान्यात काहीच लिहू शकलेले नाही.

परवा मी आप्पांसमोर मशीनची डबी धरली आणि कानाशी ओरडले, "एकदा तरी लावून बघा!"

आप्पांनी डबी उघडली, मशीन पुसलं आणि माझ्याच हातावर ठेवलं.

"तू लाव, बाय. तुलाच काय ऐकू येत नाय."