पळस आणि पानं मोजणारे काका

पळसाला पानं तीन, ही म्हण ज्याने काढली त्याने आमच्या काकांना पाहिलं असतं, तर ती तिथल्या तिथे मागे घेतली असती.

बाजारच्या रंगाने आईच्या अंगावर पुरळ उठायचं. तिला रंगाचं भारी वेड, पण दोन वर्षं ती धुळवडीला दाराआडून बघत बसली. म्हणून त्या फाल्गुनात काकांनी, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाने, छाती ठोकून सांगितलं, "वहिनी, तुमच्यासाठी रामटेकच्या जंगलातून पळसाची फुलं आणतो." जन्म शहरात, महालच्या गल्लीत गेलेला, हापिसात फायली हलवणारा माणूस. झाड म्हणून त्याला चहाच्या टपरीवरचा पिंपळ तेवढा ठाऊक. तरी आईने जुनं पांढरं लुगडं लगेच पेटीतून काढून ठेवलं.

काका मित्रांसह एस.टी.ने गेले आणि पोतंभर फुलं मिरवत घेऊन आले. आईने पोत्यात हात घातला आणि तिचा चेहरा उतरला. पळसाचं फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखं वाकडं, देठाशी काळं मखमली. ही फुलं लालभडक, एक पाकळी लांब पुढे आलेली. पांगारा होता तो. मौद्याकडे तिच्या माहेरी कुंपणाला असायचा.

"भाऊजी, पळस असा नसते. फूल तर पाहा."

"फुलावर जाऊ नका, वहिनी. पान मोजा." काकांनी खिशातून डहाळी काढली. "पाहा, तीन! वाटेनं बिनपानाची केशरी झाडं लय होती, पण मी फसलो नाही."

मित्रांनी माना डोलावल्या. पळस फुलतो तेव्हा त्याच्यावर पान नसतं आणि पांगाऱ्यावर चुकार पानं उरली तर तीही तीनच, हे या शहाण्यांच्या गावीही नव्हतं. खऱ्या पळसांच्या मधून हा माणूस पान शोधत गेला! मी तोंड उघडलं तर काकांनी मलाच दटावलं, "तू काहून मधात बोलून राहिली वं?"

अंगणात चूल पेटवून फुलं उकळली. पाणी नालीतल्यासारखं झालं. काका म्हणाले, "पळसात आता पयलेसारखा दम राह्यला नाही." म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं. आईने लुगडं पेटीत परत ठेवलं आणि त्याच चुलीवर त्याच मंडळींसाठी भजी तळली. त्यांनी ती मिटक्या मारत खाल्ली. मला एकेकाचा असा राग आला की मी ताटलीला हात लावला नाही.

पुढच्या फाल्गुनात आईने कोणालाच विचारलं नाही. मला घेऊन माहेरी गेली आणि एक पानही न मोजता पळसाची ओटीभर फुलं वेचून आणली. धुळवडीला घंगाळ केशरी झालं. पहिला लोटा तिने काकांच्या डोक्यावर ओतला.

काका डोळे पुसत शेजाऱ्यांना ओरडून सांगू लागले, "पाहा! म्या मागच्या सालीच म्हटलं होतं, रंग पायजे त पळसाचाच!"

आईने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिने दुसरा लोटा भरला आणि स्वतःच्या अंगावर ओतून घेतला.