नोएलचा डबा

क्यूबातल्या सांता क्लारात निवाल्दोच्या पुढच्या खोलीत, सांता बार्बराच्या मूर्तीशेजारी, ट्रकच्या बॅटऱ्यांवर एक जुनाट सर्व्हर घरघरतो. तेच त्याचं कोठार. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामानसुमान एका डब्यात बांधलं, की तो डबा कुठल्याही मशीनवर उघडतो. असे डबे ठेवायची मोठी कोठारं परदेशात. त्यातल्या एकाने एके दिवशी क्यूबाच्या तोंडावर दार आपटलं. कारण? तुम्ही क्यूबन, एवढंच.

"यांच्या उंबऱ्यावर नाक घासू? निवाल्दोचं नाक एवढं स्वस्त नाही!" म्हणत त्याने खुल्या सॉफ्टवेअरवर स्वतःचं कोठार उभं केलं. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगेत साबण-औषधांबरोबर डिस्का येत, त्यातून डबे येत. गावोगावचे लोक आपले डबेही त्याच्याकडेच ठेवत.

डब्यावरची चिठ्ठी मात्र सगळ्यांची एकच: 'शेवटचा', म्हणजे सगळ्यात अलीकडचा. आपल्याकडे पावाच्या रांगेत शिरतानाही पहिला प्रश्न तोच असतो, शेवटचा कोण? ती सवयच हाताला लागलेली. त्याच प्रोग्रामचा नवा डबा आला की 'शेवटचा' ही चिठ्ठी त्याला जाई आणि आधीचा बिनचिठ्ठीचा मागे पडून राही. रांगेत मागून कुणी आलं म्हणून पुढच्याची जागा जात नाही. इथेही जात नव्हती. निवाल्दोने केर काढेपर्यंत.

डिस्क गच्च भरली होती आणि नवी मिळणं म्हणजे कोंबड्याला दात. त्याने बिनचिठ्ठीचं सगळं एका फटक्यात झाडून टाकलं, वर शेजाऱ्यांना ऐटीत सांगितलंही.

पुढच्याच आठवड्यात ओदाल्मा आली. डोंगरातल्या औषध-दुकानाची बाई, निवाल्दोच्या धर्मकन्येची आई, म्हणजे त्याची 'कोमाद्रे'. काखेत चादरीत गुंडाळलेलं उसनं मशीन.

"वीज आली ती अशी उसळून आली, की आमचं मशीन भाजून निघालं," ती म्हणाली. "डबा घाल यात. नोएलचा."

नोएल तिचा नवरा. गेल्या वर्षी गेला. कुठलं औषध कुठल्या वाडीत शिल्लक आहे, ओढ्याला पाणी चढलं की कुठल्या वाटेने खेचर जाईल, हे सांगणारा प्रोग्राम त्याने तिच्यासाठी रचला होता.

निवाल्दोने 'शेवटचा' डबा उतरवला. ओदाल्माने पडदा पाहिला.

"हे काय? यात रस्ते आहेत, बस आहेत. आमच्याकडे बस कधी आली रे?"

"हा त्याच्याच डब्यावरून मी सुधारलेला, कोमाद्रे. शहरातल्या दुकानांसाठी."

"तुझी सुधारणा ठेव तुझ्यापाशी. त्याचा दे."

निवाल्दो शोधत राहिला. मान वर करेना. ओदाल्माला कळलं, पण तिने त्याच्याच तोंडून ऐकायचं ठरवलं.

"बोल की! एरवी तुझं तोंड मिटत नाही."

"माझ्या डब्याने चिठ्ठी घेतली. त्याचा बेवारस पडला. मी... झाडून टाकला." मग एकदम उसळून म्हणाला, "तुम्ही तरी दुसरीकडे एखादी प्रत नको का ठेवायला?"

"दुसरीकडे कुठे? त्याचा लॅपटॉप आजारपणात विकला, तुला ठाऊक आहे. 'निवाल्दो कोम्पाद्रेकडे आहे, काळजी नको,' म्हणून गेला तो."

निवाल्दोच्या बायकोने ओदाल्मापुढे कॉफी ठेवली. ती तशीच निवत गेली.

शेवटी निवाल्दोच म्हणाला, "तू सांग, मी लिहितो. सगळ्या वाटा परत घालू."

ती सांगू लागली. वाडी, चढ, कुंपण, आंब्याकडून डावीकडे. निवाल्दोची बोटं भरभर चालली. हुरूपही आला त्याला.

"आणि वरच्या वाडीत? ओढ्याला पाणी चढल्यावर?"

ओदाल्मा डोळे मिटून वाट आठवू लागली.

"तिथे म्हातारी मिलाग्रोस राहते. इन्सुलिनवर आहे," ती हळूच म्हणाली. "ती वाट नोएललाच ठाऊक होती."

पडद्यावर ती जागा रिकामी राहिली. वाटा उतरवून झाल्यावर निवाल्दोने नवा डबा बांधला. या खेपेला तो 'शेवटचा' लिहिणार नव्हता.

"चिठ्ठीवर नोएलचं नाव घालतो," तो म्हणाला.

"नको," ओदाल्मा मशीन चादरीत बांधत म्हणाली. "हा त्याचा नाही."