आईची बॅग आमच्या दारात

आखातात, माबेल्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये चिपळूणकडचा एक एसी मेकॅनिक राहायचा. त्याची मुलगी सातव्याच महिन्यात जन्मली होती, आणि थंडीत सगळी बिल्डिंग खोकत होती. तो दोन हात लांबूनच बोलायचा. "वहिनी, सर्दी नाही ना?" हाच त्याचा नमस्कार.

नातीला बघायला गावाहून त्याची आई आली, ती विमानातच सर्दी घेऊन. त्याने तिची बॅग आमच्या दारात ठेवली.

"आई, बरी होईपर्यंत वहिनींकडे राहा. बाळाजवळ नको."

मला वाटलं, म्हातारी रडेल. ती त्याच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली.

"जेवलास काय रे?" तिने विचारलं.

तो जिन्याच्या पायरीवर बसला. शेवटचं कधी जेवलो, तेच त्याला आठवेना.