लाईट गेल्यावर

मंगळवारी डॉक्टरांनी सांगितलं की अण्णांची स्वरपेटी काढावी लागेल. अण्णांनी विचारलं, "कवा?" डॉक्टर म्हणाले, "पुढच्या महिन्यात." पुण्याहून आम्ही एसटीने मंचरला आलो. स्टँडवर उतरल्यावर अण्णा म्हणाले, "पोरी, आवाज भरून ठिवायचा. घरच्या घरी. लई खर्च नको."

अण्णा म्हणजे माझे वडील. लोणीला आमची शेती आहे, पण आंबेगाव-जुन्नरात लोक त्यांना ओळखत ते बैलगाडा शर्यतींचे निवेदक म्हणून. गावोगावच्या यात्रांत घाटाच्या, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या, कडेला मांडव असे आणि मांडवात माईक धरून अण्णा. गाडामालकाचं नाव, गाव, चारही बैलांची नावं तोंडपाठ. बारी सुटली, म्हणजे एखादा गाडा पळायला लागला, की "भिर्रर्र" अशी आरोळी द्यायचे आणि ती पार खालच्या शेतातल्या माणसाला ऐकू जायची. माईक हातात आला की इतरांसारखं "हॅलो, हॅलो" करत नसत. त्यावर एक टिचकी मारत आणि त्या दिवशीच्या एखाद्या बैलाला हाक मारत, "सर्ज्या, हायेस का रं?" कर्ण्यातून आवाज नीट परत आला की स्वतःच उत्तर देत, "हाये!" लोक हसत. बक्षिसाचा गाडा येण्याआधीच माणसं मांडवाभोवती जमत, ती यासाठी.

घरी हा माणूस फारसा बोलत नसे. बोललाच तर हळू.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. एखादी गोष्ट कळली नाही की वाचत बसायचं, ही माझी सवय. आठवडाभर मी माईकांबद्दल वाचलं. एक माईक स्टेजवरचा, दणकट, तोंडाजवळचं तेवढंच ऐकणारा. दुसरा नाजूक, त्याला करंट द्यावा लागतो, आणि तो खोलीतलं सगळं टिपतो. शिवाय माईकचा बारीक आवाज मोठा करून लॅपटॉपपर्यंत नेणारा एक डबा हवा. त्यातला आवाज वाढवणारा भाग, म्हणजे प्रीअँप, बरा नसेल, तर आवाज वाढवताना सरसरही वाढते. मी हे सगळं वाचून दाखवलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि बाजारात बैल निवडावा तसा माईक निवडला. "ह्यो घे, नाजूक. अंगात तेज हाय."

त्या माईकने आवाज खरंच सुंदर घेतला. त्याबरोबर कुकरची शिट्टी, शेजारची शेळी, विहिरीवरच्या मोटारी आणि रस्त्याने गेलेला उसाचा ट्रॅक्टर हेही घेतलं. जुन्नरचे इकबालभाई तेव्हा भेटायला आले होते. त्यांचा मांडव आणि स्पीकरचा धंदा. अण्णांबरोबर त्यांनी कितीतरी यात्रा केल्या होत्या. त्यांनी हेडफोन कानाला लावला आणि पोट धरून हसले.

"राव, हा माईक न्हाई, हा भावकीतला माणूस हाय. आख्ख्या वस्तीचं ऐकतोय."

"तुजा तो घाटातला ठोकळा आण मग," अण्णा म्हणाले.

इकबालभाईंनी दुसऱ्या दिवशी स्टेजचा जुना माईक आणून दिला. जाळीला पोचा पडलेला. पण आता वेगळीच पंचाईत झाली. डॉक्टरांनी जोरात बोलायला मनाई केली होती, आणि हळू आवाज त्या माईकला पुरेना. डब्याचं बटण शेवटापर्यंत फिरवलं की मागे पाऊस पडल्यासारखी सरसर. नाजूक माईक परत केला, त्याच पैशांत जरा बरा प्रीअँप असलेला, वापरलेला डबा मिळाला. इकबालभाईंनी अण्णांना बजावलं, "ओठापासून चार बोटं. घाटात हात लांब ठिवायचास, तसा ठिवलास तर मी माईक घिऊन जाईन." आईने खिडकीला आणि दाराला गोधड्या टांगल्या. तरी वायरिंगची घरघर आणि मोटारींचा हुंकार राहिलाच.

तो प्रश्न वीज कंपनीने सोडवला. दुपारी लाईट गेली आणि एकदम सगळ्या मोटारी थांबल्या. लॅपटॉप बॅटरीवर होता, डबा लॅपटॉपवर. घरघर नाहीशी. तेव्हापासून सगळी वस्ती लाईट गेली म्हणून शिव्या द्यायची आणि आमचे अण्णा हात चोळत उठायचे, "गेली! चला, पोरी, बस."

पहिल्यांदा त्यांनी एक आख्खी बारी सांगितली. हळू आवाजात, पण सगळं तेच. गाडामालक, पावणेमंडळी, घाटाचा राजा. आईला ऐकवलं. ती ऐकून म्हणाली, "ह्ये लोकांच्या मोबाइलात ढीगभर पडलंय. घरातला माणूस कुठाय ह्यात?"

अण्णांनी माईक खाली ठेवला. मग म्हणाले, "समोर कुणी नसलं की मला गर्दीच दिसती. तू बस हितं."

मग रोज लाईट गेली की आई समोर शेंगा फोडत बसायची आणि अण्णा तिच्याशी बोलायचे. विहिरीला पाणी लागलं तो दिवस. मी शाळेत जायला रडायचे ते. शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत लग्नांतून निवेदन करताना त्यांना वाटलेली लाज. मी हेडफोन लावून गप्प बसे. शेंगांचा कट् कट् आवाज सगळ्यात आहे. इकबालभाई म्हणाले, "काढू नका तो. ऱ्हाऊ द्या."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लाईट उशिरा गेली. बोलून झालं, मी बंद करणार, तेवढ्यात आई खाली बघत म्हणाली, "साऱ्या तालुक्याच्या बैलांना नाव घिऊन हाका मारल्या. मला कवा मारली न्हाई. नुसतं 'अगं ए'."

आमच्याकडे त्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नाही. अण्णांनी माईक ओठापासून चार बोटांवर धरला. मग त्यांनी माईकवर टिचकी मारली.

"तारा, हायेस का गं?"

शेंगांचा आवाज थांबला. आईने पदर तोंडाला लावला. ती काही बोलायच्या आत लाईट आली, मोटारी सुरू झाल्या आणि मी रेकॉर्डिंग बंद केलं.

ऑपरेशननंतर अण्णा दोन वर्षं जगले. आईला बोलवायचं असलं की स्टीलच्या पेल्यावर टिचकी मारायचे. ती चुलीपाशी असो की गोठ्यात, यायची.

मागच्या चैत्रात ते गेले. इकबालभाईंनी माईक परत न्यायला नकार दिला. तो कपाटात आहे. ते रेकॉर्डिंग आईच्या मोबाइलमध्ये आहे. दुपारी लाईट गेली की ती ते लावते. टिचकी वाजते, हाक येते, आणि आई म्हणते, "हाये."